मोबाईलांची उत्तरपूजा

आमच्या घरात मोबाईल मरत नाहीत. म्हातारे झाले की ते परसदारच्या खोलीत राहायला जातात. चालत नाहीत, बोलत नाहीत, पण जागाही सोडत नाहीत.

ही खोली पूर्वी सुपारीची. वाडीतली सुपारी वाळली की पोती तिथे रचायची. पुढे आम्ही सुपारी झाडावरच मक्त्याने द्यायला लागलो आणि खोली मोकळी झाली. मोकळी जागा दिसली की आमच्या यांच्या अंगात येतं. हे म्हणजे माधव. लिहिताना नाव घेते, तोंडावर 'अहो'च म्हणते. यांनी जन्मभर श्रीवर्धनच्या शाळेत विज्ञान शिकवलं, अर्ध्या गावाला लिटमस कागद यांनीच दाखवलाय. भूत मानत नाहीत, भानामती मानत नाहीत, मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देऊन पुढे जातात. आणि असल्या माणसाने माझी खोली देवाच्या नावाने अडवून ठेवली होती, हे सांगितलं तर कुणाला पटेल का?

त्याचं असं आहे. आमचा मुलगा देवव्रत पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. एका मोबाईलवर त्याचं मन म्हणून रमत नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणतो, "आई, घाई काय आहे, नीट बघून ठरवू." मोबाईल मात्र दर वर्षी डोळे मिटून घेतो. जुना चांगला धडधाकट असतो, पण नवा बाजारात आला की याला जुन्यातले फोटो एकाएकी अंधूक दिसायला लागतात. मग तो जुना यांच्याकडे येतो, यांचा माझ्याकडे येतो आणि माझा परसदारी जातो. नुसते मोबाईलच नाहीत. लॅपटॉप आले, टॅबलेट आले, एक गाणं सांगितलं की दुसरंच लावणारा गोल डबा आला, मनगटावर बांधून पावलं मोजायचं घड्याळ आलं. ते घड्याळ मी एकदा बांधून बघितलं. मी बसून भाकऱ्या थापत होते आणि ते मला छान चालल्याबद्दल शाबासकी देत होतं. त्याच दिवशी काढून ठेवलं.

आता जुन्या वस्तू कुणाच्या घरात नसतात? भंगारवाला दारात आला की लोक देऊन मोकळे होतात. आमच्याकडे मात्र मध्ये दसरा येतो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर वाडीतली कोयती, अडकित्ता, माझी विळी, आणि शेजारी पाटीवर काढलेली सरस्वती. देवव्रतने पहिला संगणक घरी आणला त्या वर्षी यांनी त्यालाही पाटाशेजारी बसवलं. "आजच्या काळाचं हत्यार हेच," म्हणाले. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मग दर दसऱ्याला त्या त्या वर्षीचं जे काही आलेलं असेल ते तिथे बसायला लागलं. कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आपट्याचं पान आणि वर यांचा नमस्कार. आमच्या एकूण एक मोबाईलच्या पाठीवर वाळलेल्या कुंकवाचा ठिपका आहे. आणि पूजा झालेली वस्तू भंगारात द्यायची नाही, हा यांचा नियम.

हा नियम मी बरीच वर्षं चालवून घेतला, कारण मला ती खोली नको होती. यंदा मला ती हवी झाली.

मला तिथे पाहुणे ठेवायचे होते. आमच्या गावात आता जिथे तिथे 'घरगुती राहण्या-जेवण्याची सोय' अशा पाट्या लागल्यात. समुद्र सगळ्यांना सारखाच लागतो, पण माझ्या हातचं घावन सगळ्यांना मिळत नाही, असा माझा हिशोब. थट्टा सोडली तर खरं कारण वेगळंच होतं. या घरातलं सगळं कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहे. वाडी सासऱ्यांची होती, ती यांची झाली. पेन्शन यांची. पुढे सगळं देवव्रतचं. मी म्हातारी व्हायला लागले तरी 'हे मी चालवते' असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. ते मला एकदा तरी म्हणायचं होतं. म्हणून मैत्रिणीच्या ओळखीच्या नाशिकच्या एका कुटुंबाने दिवाळीत येऊ का विचारलं, तेव्हा मी हो म्हणून टाकलं. खोली तेव्हा छतापर्यंत भरलेली होती.

दसरा झाल्यावर मी विषय काढला.

"फुटकी मूर्ती आपण कचऱ्यात टाकतो का?" यांनी विचारलं.

"नाही. पाण्यात सोडतो. तुम्हीही सोडा."

"समुद्रात? पद्मा, त्या बॅटऱ्यांमध्ये काय काय विष असतं तुला कल्पना आहे का? मासे मरतील."

"मग वाडीत खड्डा करून पुरा."

"म्हणजे विहिरीत उतरेल."

धर्म म्हणत होता भंगारात नको, विज्ञान म्हणत होतं पाण्यात नको आणि मातीतही नको. एरवी या दोघांचं आमच्या घरात कधी पटत नाही. माझ्या खोलीवर मात्र दोघं हातात हात घालून बसले होते. मी रागावून दोन दिवस अबोला धरला. तो यांना आवडला असावा, कारण त्यांनी तो मोडायचा काही प्रयत्न केला नाही. दिवाळी जवळ येत होती आणि नाशिकच्या बाई मला रोज फोन करून समुद्र खोलीतून दिसतो का विचारत होत्या. मी म्हणे, ऐकू येतो. खोलीतून त्या वेळी भिंतसुद्धा दिसत नव्हती.

वाट सापडली ती गणपतीचं मखर माळ्यावर टाकताना. मखर धरून शिडीवर उभी असताना मला आठवलं, विसर्जनाला निघण्याआधी उत्तरपूजा होते. गुरुजी अक्षता टाकतात, मूर्ती जागची जराशी हलवतात, आणि देव गेला. मग उरते ती माती. त्यानंतर कुणी मूर्तीला पाठ लावून बसलं तरी आपण काही म्हणत नाही. मी शिडीवरूनच हाक मारली.

"अहो, देव बसवता येतो तसा उठवताही येतो की!"

हे पेपर बाजूला ठेवून आले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खोट काढायचा खूप प्रयत्न केला, पण काढता येईना. माणूस हट्टी असला तरी खोटं बोलत नाही, एवढं मात्र मी मानते.

"बरं," ते म्हणाले. "पण रीतसर व्हायला हवं."

रीतसर म्हणजे हरेश्वर गुरुजी. वयाने तरुण, शिक्षण पुण्याला झालेलं, आणि पोथीही मोबाईलवरच वाचतो. मंत्राच्या मध्येच कुणाचा तरी फोन येतो, मग देवाला थांबावं लागतं. तो आला आणि मागच्या पडवीत चटयांवर मांडलेला आमचा सगळा संसार बघून दारातच थबकला. मग एक मोबाईल उचलून उलटासुलटा करून बघितला.

"काका, हा तर माझ्यापेक्षा चांगला आहे!"

"खाली ठेव," हे म्हणाले. "आत देव आहे."

हरेश्वर बसला. पळी-पंचपात्र मांडता मांडता त्याने विचारलं, "काका, आवाहन केलं होतंत का? नुसतं कुंकू लावलं असेल तर इथे देव आलेलाच नाही. मग उत्तरपूजाही नको."

मला एकदम हुरूप आला. पण यांनी मान हलवली. "केलं होतं. दर वर्षी हात जोडून 'या, बसा' म्हटलेलं आहे."

"मनात?"

"मोठ्याने."

साक्षीदार मीच होते, काय करणार? मग देवता कोणती म्हणायची, यावर चर्चा झाली. हे म्हणाले सरस्वती, ज्ञानाची साधनं आहेत. मी म्हटलं, त्या टॅबलेटवर तुम्ही फक्त क्रिकेट बघितलंय. शेवटी हरेश्वरने संकल्पात काहीतरी मोघम म्हणून तो प्रश्न मिटवला. नैवेद्याला मी दहीपोहे केले होते, निघणाऱ्या देवाला देतात तसे. लॅपटॉपपुढे दहीपोह्यांची वाटी ठेवताना मला हसू आवरेना, आणि यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वर्गाबाहेर जाऊन उभं राहायचंच बाकी होतं.

मंत्र सुरू झाला आणि मला एकदम काहीतरी सुचलं.

"हरेश्वर, थांब. याच्या शेवटी देवाला 'परत यावं' म्हणायचं असतं ना?"

"असतं, काकू."

"ते वगळ."

"असं कसं वगळू?"

"अरे, ही सगळी परत आली तर मी कुठे जाऊ? तेवढं सोडून बाकीचं म्हण."

"काकू," हरेश्वर गंभीरपणे म्हणाला, "मंत्र अर्धा सोडला तर देवही अर्धाच जाईल."

हे इतके खूश झाले की त्यांनी त्याला दक्षिणा वाढवून द्यायची असं तिथल्या तिथे जाहीर केलं. मी म्हटलं, मग म्हण, पण हळू म्हण.

अक्षता टाकून झाल्या. आता एकेक वस्तू जागची हलवायची होती, आणि ते काम यजमानाचं. हे खाली वाकले. पहिला लॅपटॉप सरकवला आणि हात तसाच त्याच्यावर ठेवून म्हणाले, "हा घेऊन आला तेव्हा त्याला ताप होता. तुझी पेज पिऊन दोन दिवस माझ्या शेजारी झोपला होता." मग एक मोबाईल सरकवला. "याच्यात मोठी अक्षरं करून दिली होती. संध्याकाळभर बसला होता." मग तो गाण्याचा डबा. "याला मराठी समजत नाही म्हणून आपण तिघं किती हसलो होतो." एकेक वस्तू सरकत होती आणि हे बोलत होते. कुठल्या मोबाईलचा कॅमेरा कसा, कुठल्याची बॅटरी किती चालते, यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून आलं नाही. देवव्रत कधी आला, किती राहिला, कुठे बसला, एवढंच. हरेश्वरचा फोन वाजला, तो त्याने न बघता बंद केला.

मी दाराला टेकून उभी होते. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला. माझ्या खोलीच्या दिवशी मला रडायचं नव्हतं.

तेवढ्यात दारात टेम्पो आला. माणगावहून रतन आला होता. असल्या जुन्या वस्तू गोळा करायचंच त्याचं काम. मी आधीच बोलावून ठेवलं होतं.

"काकू, आमी फोडत न्हाय, जाळत न्हाय," तो न विचारताच म्हणाला. "पनवेलच्या अंगाला कारखाना हाय, थितं समदं सुटं करत्यात. पर आतलं फोटू-बिटू पुसून द्या. मागनं लोकं आमच्या नावानं वरडतात."

मी कपाळाला हात लावला. पुसणार कोण? देवव्रत पुण्यात. यांना तर मोबाईलवर साधा फोटो पाठवायचा असला तरी देवव्रतला विचारावं लागतं. 'अरे, हे कुठे दाबायचं? परत एकदा दाखव बरं.' मागच्या खेपेला त्याने एकच गोष्ट चार वेळा शिकवली होती आणि पाचव्यांदा हे म्हणाले होते, "अजून नीट डोक्यात शिरलं नाही रे."

हे चटईवर बसले. वायर लावली, एक मोबाईल सुरू केला. अंगठा दोन-तीनदा इकडे तिकडे गेला आणि तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला. मग टॅबलेट. लॅपटॉप उघडून त्याच्यावर काहीतरी भराभरा बडवलं. ज्या ज्या वस्तूत जीव होता ती ती यांनी मी मटार सोलते तशी हातावेगळी केली. मी बघतच राहिले.

"अहो! तुम्हाला येतं सगळं?"

"येतं," ते मान वर न करता म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. विज्ञानाचा मास्तर आहे मी."

"मग त्याला कशाला सारखं विचारता?"

यांचा अंगठा थांबला. "न विचारता तो बसेल का माझ्याजवळ?" ते म्हणाले. "मोबाईल द्यायला येतो, तो शिकवायला दोन दिवस राहतो. मला पटकन आलं, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जाईल."

इतकी वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं की या माणसाला वस्तूंचा सोस आहे. त्या वस्तूंना तो कधी भुललाच नव्हता. ज्या कारणाने मुलगा घरी येतो ते कारण भंगारात कसं द्यायचं, एवढंच त्याला कळत नव्हतं. आणि ते मला सांगायची लाज वाटली म्हणून त्याने देव मध्ये आणला.

टेम्पो भरून गेला. खोली रिकामी झाली. मी दोन दिवसांत चुना मारून घेतला, खिडकीला पडदा लावला, नवी चादर घातली. मला ज्याची हौस होती ते मिळालं होतं आणि मी खूशही होते. पण हे संध्याकाळी मागच्या पडवीत येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. शेवटी मीच देवव्रतला फोन लावला.

"दिवाळीला येतोयस ना?"

"बघतो आई. नवा घेतलाय या महिन्यात. जुना अगदी नव्यासारखा आहे, बाबांना आवडेल. तो घेऊन..."

"तो आणायचा नाही. काहीच आणायचं नाही. जुना तिथेच कुणाला तरी दे, नाहीतर तोच वापर. खोलीत पाहुणे आहेत, तुला बाबांबरोबर ओटीवर झोपायचंय."

"अगं, पण रिकाम्या हाताने कसा येऊ?"

"जन्माला आलास तेव्हा काय घेऊन आला होतास?"

तो हसला.

"आई," तो म्हणाला, "पण मग मी बाबांशी बोलू काय?"

म्हणजे हा आजार दोघांनाही होता. एक न समजल्याचं सोंग करत होता आणि दुसरा शिकवायला काहीतरी मिळावं म्हणून मोबाईल बदलत होता की काय, देव जाणे. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. तुम्ही दोघं बघा. पण ये."

नाशिकची मंडळी धनत्रयोदशीला आली. नवरा, बायको आणि बाईंची आई. मी पहिल्या सकाळी घावन आणि नारळाचा रस वाढला. आजींनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि बाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्ही चालवता का, ताई?" मी म्हटलं, "हो. मी चालवते." आत जाऊन मी ओट्याला धरून जरा वेळ उभी राहिले. मला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. तिथे फक्त खोबरं किसलेली परात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली आणि पाहुणे वामकुक्षीला गेले. त्यांच्या झोपेत कुणी दार वाजवायचं नाही, अशी मी यांना सक्त ताकीद देऊन ठेवली होती. मी ओटीवर घरापुरती ठेवलेली सुपारी निवडत होते. हे झोपाळ्यावर होते. फाटक वाजलं आणि देवव्रत आत आला. पाठीला कपड्यांची छोटी पिशवी, आणि हात दोन्ही बाजूंना लोंबकळत होते. त्यांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. हे उठले, पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेले आणि सवयीने आधी त्याच्या हातांकडेच बघितलं.

"काही काम निघालं इकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मग?"

"काही नाही. असाच आलो."

मला वाटलं, झालं, आता दोघं हवापाण्याच्या गप्पा मारणार आणि संध्याकाळपर्यंत तेही संपणार. पण हे वळले आणि घराला वळसा घालून तरातरा परसदारी निघाले. मी सूप खाली ठेवून मागे धावले. तोवर त्यांनी माझ्या पाहुण्यांच्या दारावर चांगली थाप मारली होती. मी ओरडायला तोंड उघडलं. दार उघडलं गेलं आणि नाशिकचे गृहस्थ अर्धवट झोपेत बाहेर आले.

"काय झालं काका? काही हवंय का?"

"नाही, नाही, काही नको," हे म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तसा लागला होता. "फक्त सांगायला आलो. आमचा मुलगा आलाय पुण्याहून. काही काम नव्हतं. असाच आलाय."